झेक मेन्यूकार्ड वाचताना या चुका टाळा: ‘बेझमासा’ म्हणजे मासा नव्हे

प्रागला पहिल्याच संध्याकाळी शाकाहारी आईसाठी लसणीचं सूप मागवलं, ‘चेस्नेच्का’. लसूण, बटाटा, वर तळलेल्या पावाचे तुकडे, त्यात काय असणार, असं वाटलं. आईनं चमचा बुडवून वर काढला तर चीजच्या तारेला चिकटून एक गुलाबी पट्टी आली. हॅम. त्या रात्री ती नुसता पाव खाऊन उठली. कार्डावर ‘शुंका’, म्हणजे हॅम, असं स्पष्ट छापलेलं होतं. मला तो शब्द ओळखता आला नाही, एवढंच.

पदार्थाच्या नावावरून अंदाज बांधणं ही सगळ्यात मोठी चूक. ‘मोरावस्की व्राबेत्स’ म्हणजे शब्दशः मोरावियाची (झेक देशाच्या पूर्व भागाची) चिमणी, पण ताटात येतं डुकराचं मांस. ‘श्पान्येल्स्की प्ताचेक’, स्पॅनिश पक्षी, हा बीफचा रोल. ‘तातारका’ हा चीजबरोबर मिळणारा मेयोनीजचा सॉस, तर ‘ताताराक’ म्हणजे कच्चं बीफ. दोन्हींत फरक जेमतेम शेवटच्या दोन अक्षरांचा! भाषांतराच्या ॲपवरही इथे विसंबू नका. ‘स्वीच्का’ म्हणजे मेणबत्ती, त्यामुळे ‘स्वीच्कोवा’ या प्रसिद्ध बीफच्या पदार्थाचं भाषांतर भलतंच होऊ शकतं.

नावं सोडा, मांसाचे शब्द शोधा. ‘होव्येझी’ बीफ, ‘वेप्रशोवे’ डुकराचं, ‘कुर्झेत्सी’ कोंबडीचं, ‘स्लानिना’ बेकन, ‘उझेने’ धुरावलेलं मांस. मूळ शब्द तर मराठी माणसाला आयताच मिळतो: ‘मासो’ म्हणजे मांस, संस्कृत ‘मांस’ आणि हा शब्द एकाच मुळातले. माशाला मात्र ‘रिबा’ म्हणतात. ‘बेझ’ म्हणजे शिवाय. बेचव, बेघर यांतला ‘बे’ आठवा. म्हणून ‘बेझमासा यीदला’ हा बिनमांसाचा विभाग आधी गाठायचा.

तरी तिथेही डोळे मिटून मागवू नका. सूप हाडांच्या रश्शावर केलेलं असू शकतं, परतायला डुकराची चरबी, ‘सादलो’, वापरलेली असू शकते, आणि काही ठिकाणी मासेही याच विभागात सापडतात. ‘स्माझेनी सीर’, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज, शाकाहारी माणसाचा मोठा आधार. पण पुढे ‘से शुंकोउ’ दिसलं तर आत हॅम आहे. (घोळवताना अंडं लागतंच.) याच विभागात ‘ओवोत्स्ने क्नेद्लीकी’ मिळाले तर जरूर खा. जर्दाळू किंवा आलुबुखार भरून उकडलेले हे गोड गोळे तिथे मुख्य जेवण म्हणून चालतात.

पदार्थापुढचे 1, 3, 7 हे आकडे अनुक्रमांक नव्हेत. युरोपीय संघाच्या नियमामुळे डिसेंबर 2014 पासून 14 ॲलर्जन्सची, म्हणजे ॲलर्जी आणू शकणाऱ्या घटकांची, माहिती देणं बंधनकारक आहे, आणि झेक कार्डांवर ती बहुधा अशा आकड्यांत असते. 1 म्हणजे ग्लूटेन (गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन), 3 अंडं, 4 मासे, 5 शेंगदाणे, 7 दूध. अंडं न खाणाऱ्यांनी 3 शोधावा. पण या यादीत मांस येत नाही आणि कांदा-लसूणही येत नाही. 3 आणि 4 नाहीत म्हणून पदार्थ शाकाहारी, हा हिशेब चुकतो.

पैशांचे घोळ थोडक्यात सांगते. 150 ग्रॅम असं लिहिलेलं असतं ते सहसा कच्च्या मांसाचं वजन. भात, बटाटे ‘प्रशीलोही’ या मथळ्याखाली असतील तर त्यांचे पैसे वेगळे. टेबलावर ठेवलेला पाव आणि पाणी फुकट समजू नका. साधं, बिनबुडबुड्यांचं पाणी हवं तर ‘नेपेर्लिवा’ म्हणा. प्रागच्या चौकातल्या स्टॉलवर हॅमची पाटी बघाल तर तो दर 100 ग्रॅमचा असतो, प्लेटचा नव्हे.

शंका आली की विचारा: ‘ये फ्तोम मासो?’ म्हणजे यात मांस आहे का? उत्तर ‘ने’ आलं तर नाही, ‘आनो’ आलं तर हो. आणि वाढणारा मान हलवत ‘नो, नो’ म्हणाला तर इंग्रजी समजून निश्चिंत होऊ नका. बोलीभाषेत ‘नो’ म्हणजे हो. तेव्हा ‘आनो, नेबो ने?’ असं पुन्हा विचारा आणि मगच ऑर्डर द्या.