दूध पचणं आणि माणसाची उत्क्रांती : या चुका टाळा

दुधाच्या पचनाबद्दल लिहिताना, शिकवताना किंवा स्वतःचा तपासणी-अहवाल वाचताना बहुतेक घोटाळे एकाच ठिकाणी होतात. आपल्यात जनुकाचं कोणतं रूप आहे, लहान आतड्यात लॅक्टेज (दुधातली साखर तोडणारं विकर) किती तयार होतं आणि दूध प्यायल्यावर पोटाला त्रास होतो की नाही, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. या तिन्ही सुट्या ठेवल्या की निम्मं काम झालं.

आधी थोडी उजळणी. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती जशीच्या तशी रक्तात शोषली जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर असलेलं लॅक्टेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं, तेव्हाच ती अंगाला लागते. लॅक्टेज कमी पडलं तर लॅक्टोज तसंच पुढे सरकतं, आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू ते आंबवतात. पोट फुगणं, गुडगुडणं, मुरडा, पातळ शौच हा सगळा त्रास या दोन कारणांमुळे होतो.

दूध न पचणं हा बिघाड समजणं

सस्तन प्राण्यांत दूध तुटल्यावर लॅक्टेज घटत जाणं हाच नियम आहे, आणि माणूस मुळात त्याला अपवाद नव्हता. आजही जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांत ते बालपणीच्या मानाने बरंच कमी असतं. नवा बदल झाला तो उरलेल्या एक-तृतीयांशांत. म्हणून ‘लॅक्टोज न पचण्याचं उत्परिवर्तन’ असं लिहिणं म्हणजे गोष्ट उलटी सांगणं. उत्परिवर्तन झालं ते मोठेपणीही लॅक्टेज चालू ठेवणारं. ते नसणं ही मूळ स्थिती आहे, आजार नव्हे.

‘लोक दूध पीत राहिले, म्हणून पचायला लागलं’

ही चूक सर्वांत जास्त दिसते, पाठ्यपुस्तकांच्या शैलीत लिहिलेल्या मजकुरातही. दूध पिण्याने कुणाचा डीएनए दुधाला अनुकूल होत नाही. डीएनएतलं एखादं अक्षर योगायोगाने बदलतं. ज्यांच्यात ते बदललं त्यांची मुलं इतरांपेक्षा थोडी जास्त जगली, तर शेकडो पिढ्यांत ते रूप पसरतं. दुधाचा वापर ही त्या निवडीची परिस्थिती झाली. बदल घडवणारं कारण ती नव्हती.

कालक्रम पाहिला की हे जास्त स्पष्ट होतं. वायव्य अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) इ.स.पू. सातव्या सहस्रकातल्या मातीच्या भांड्यांत दुधाचे स्निग्ध अंश सापडले आहेत. पोलंडमध्ये सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची भोकं पाडलेली भांडी मिळाली आणि त्यांत दुधाची चरबी होती. म्हणजे तेव्हा चीज गाळलं जात होतं. पण युरोपच्या त्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या हाडांतल्या डीएनएत लॅक्टेज टिकवणारं रूप जवळजवळ दिसतच नाही. ते इ.स.पू. ४७००च्या आसपास पहिल्यांदा दिसतं आणि त्यानंतरही बराच काळ विरळच राहतं. जर्मनीतल्या टोलेन्से नदीकाठी इ.स.पू. १२००च्या सुमारास झालेल्या लढाईत मेलेल्यांतही ते थोड्यांतच आढळलं. म्हणजे हजारो वर्षं लोक दूध वापरत होते आणि मोठेपणी ते पचवण्याची जनुकीय सोय बहुतेकांकडे नव्हती. मंगोलियातल्या पशुपालकांत आजही हेच चित्र आहे: आहारात दुधाचे पदार्थ भरपूर, पण लॅक्टेज टिकलेली माणसं फार थोडी. लॅक्टोज तोडण्याचं बरंच काम तिथे दूध आंबवणारे जिवाणू करतात.

याला लागूनच आणखी एक चूक होते. भांड्यात दुधाची चरबी सापडली म्हणून ‘लोक ताजं दूध पीत होते’ असं ठरवून टाकलं जातं. खापराची भुकटी करून त्यातली चरबी काढतात आणि पामिटिक व स्टिअरिक या दोन स्निग्धाम्लांतलं कार्बन-१३चं (कार्बनच्या जड प्रकाराचं) प्रमाण वेगवेगळं मोजतात. दुधाच्या चरबीत स्टिअरिक आम्लातला कार्बन-१३ मांसाच्या चरबीपेक्षा लक्षणीय कमी असतो, त्यावरून दूध ओळखता येतं. पण ते ताजं प्यायलं, आंबवलं, की लोणी काढलं, हे चरबी सांगत नाही. हा फरक साधा नाही, कारण लॅक्टोजचा भार या तिन्हींत फार वेगळा आहे.

मग निवड झाली कशामुळे? ‘उत्तरेत ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी, म्हणून दुधातलं कॅल्शियम उपयोगी पडलं’ हे उत्तर एकट्याने पुरत नाही. पूर्व आफ्रिकेत आणि अरबस्तानात उन्हाची कमतरता नव्हती, तरी तिथेही हे गुण पसरले. २०२२ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात युरोपभरच्या भांड्यांतले अवशेष आणि प्राचीन डीएनए शेजारी शेजारी ठेवले गेले. दुधाचा वापर कुठे किती होता यावरून निवडीचा वेग नीट उलगडला नाही. दुष्काळ आणि रोगराईच्या खुणांवरून तो जास्त चांगला उलगडला. धडधाकट माणसाला न पचलेल्या लॅक्टोजने फार तर पोटाचा थोडा त्रास होतो. उपासमारीने खंगलेल्या, आधीच हगवण लागलेल्या माणसाला तेच पाणी ओढून घेणारं लॅक्टोज जिवावर बेतू शकतं. हे गृहीतक पटण्यासारखं आहे, पण लिहिताना ते गृहीतक म्हणूनच लिहावं.

‘दूध पचवणारं जनुक’ एकच, आणि ते युरोपातलं

लॅक्टेज बनवणारं जनुक एलसीटी, दुसऱ्या गुणसूत्रावर. या प्रकरणात ते जनुक बदललेलं नाही, त्यापासून बनणारं लॅक्टेजही नाही. बदल आहे तो एलसीटीच्या आधी सुमारे १४,००० अक्षरांवर, शेजारच्या एमसीएम६ जनुकाच्या तेराव्या इन्ट्रॉनमध्ये (जनुकातल्या, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या तुकड्यात). तिथला तुकडा एलसीटी किती चालावं हे ठरवतो. फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून २००२ साली पहिलं रूप हाती लागलं: −१३९१० या जागी (एलसीटीच्या १३,९१० अक्षरं आधी) सी या अक्षराऐवजी टी. भारतातही मुख्यतः हेच रूप आढळतं आणि वायव्येकडून आग्नेयेकडे त्याचं प्रमाण घटत जातं.

पण केनिया आणि टांझानियातल्या पशुपालकांत ते नव्हतं, तरी त्यांना दूध पचत होतं. २००७ साली तिथे −१४०१० या जागी वेगळं रूप सापडलं. −१३९०७ आणि −१३९१५ इथली रूपंही माहीत झाली आहेत. शेवटचं अरबी द्वीपकल्पात जास्त दिसतं. एकाच छोट्या तुकड्यात, वेगवेगळ्या लोकसमूहांत, स्वतंत्रपणे तोच परिणाम साधला गेला. समांतर उत्क्रांतीचं इतकं स्वच्छ उदाहरण माणसात दुसरं क्वचितच मिळेल, आणि ‘एक जनुक, एकदाच’ असं लिहिल्याने नेमकं तेच हातचं जातं.

याचा व्यावहारिक परिणामही आहे. डीएनए-अहवालात बहुधा फक्त −१३९१० तपासलेलं असतं. तिथे सी/सी (जनुकाच्या दोन्ही प्रतींत सी) आलं आणि पूर्वज पूर्व आफ्रिकेतले किंवा अरबस्तानातले असतील, तर ‘दूध पचणार नाही’ हा निष्कर्ष काढू नये. बाकीच्या जागा पाहायला हव्यात. कच्ची फाइल स्वतः उघडणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो तो असा: याच जागेची नोंद आरएस४९८८२३५ या नावाने असते आणि तिथे सी-टी ऐवजी जी-ए अक्षरं दिसतात, कारण अहवाल डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून वाचलेला असतो. तेव्हा ए म्हणजे टी, म्हणजे लॅक्टेज टिकवणारं रूप. जी म्हणजे सी. एक प्रत असली तरी पुरते, त्यामुळे ए/जी आणि ए/ए या दोन्हींचा अर्थ सहसा सारखाच. आणि दोन वर्षांच्या मुलाचा अहवाल जी/जी आला तर त्यावरून आज काहीच ठरत नाही. त्या वयात लॅक्टेज पुरेसं असतं.

श्वासचाचणी तयारीविना करणं

लॅक्टोज आंबलं की हायड्रोजन तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि उच्छ्वासात मोजता येतो. चाचणी चांगली आहे, पण तयारी चुकली की निकाल वाया जातो.

प्रतिजैविकं घेतली असतील किंवा कोलोनोस्कोपीसाठी (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीसाठी) पोट साफ केलं असेल, तर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावेत. आंबवणारे जिवाणूच उरले नसतील तर हायड्रोजन येणार कुठून? आदल्या दिवशी कडधान्यं आणि चोथ्याचे पदार्थ टाळावेत, मग ८ ते १२ तास उपाशी राहावं. सकाळी चूळ भरावी. धूम्रपान आणि व्यायाम चाचणी संपेपर्यंत बंद. आधी उपाशीपोटीचा श्वास घेतात, नंतर पाण्यात विरघळवलेलं २५ ग्रॅम लॅक्टोज देतात आणि दर १५ ते ३० मिनिटांनी, सुमारे तीन तास मोजत राहतात. मूळ आकड्यापेक्षा दहा लाखांत २० भागांची वाढ झाली, तर लॅक्टोज नीट शोषलं जात नाही असं धरतात.

निकाल विचित्र आला तर पुढच्या गोष्टी तपासा. सुरुवातीचाच आकडा मोठा असेल तर आदल्या दिवशीचं खाणं चुकलेलं असतं किंवा लहान आतड्यात जिवाणू वाढलेले असतात; तेव्हा पुढे जाण्यापेक्षा चाचणी पुढे ढकलणं बरं. पहिल्या तासाभरातच आकडा उसळला तरी हीच शंका घ्यावी. त्रास स्पष्ट होतोय पण हायड्रोजन हलत नाही, असं असेल तर मिथेनही मोजायला सांगा, कारण काहींच्या आतड्यांतले सूक्ष्मजीव हायड्रोजन वापरून मिथेन बनवतात. आणि मात्रा नक्की विचारा. काही ठिकाणी ५० ग्रॅम देतात, म्हणजे जवळजवळ लिटरभर दुधातलं लॅक्टोज एका दमात. त्याने पोट बिघडलं म्हणून कपभर दूधही सोसणार नाही असं होत नाही. दर तपासणीवेळी त्रासाचीही नोंद ठेवावी. नुसत्या हायड्रोजनवरून त्रास कळत नाही.

एका रात्रीत सगळं दूध बंद करणं

लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज फारशा त्रासाविना सोसतं. गाईच्या १०० मिली दुधात ते साधारण ४.८ ग्रॅम असतं, म्हणजे २५० मिली दूध. जेवणाबरोबर घेतलं आणि दिवसभरात विभागलं तर आणखी सोपं जातं. जिवंत विरजणाच्या दह्यातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेलं आतड्यात तोडायला मदत करतात. मुरवलेल्या कडक चीजमध्ये ते जवळजवळ नसतं, तुपात नावालाच. उलट दूध पावडर फसवी: साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्म्याच्या आसपास लॅक्टोजच असतं, आणि ती अनेक तयार पदार्थांत असते.

शेळीच्या दुधाकडे वळून फायदा नाही, त्यात लॅक्टोज थोडंसंच कमी. ए२ दुधात फरक बीटा-केसीन या प्रथिनाचा आहे, लॅक्टोज तेवढंच. हळूहळू मात्रा वाढवत नेल्यावर काहींचा त्रास कमी होतो, हे खरं. पण तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचा बदल असतो. लॅक्टेज परत येत नाही. लॅक्टेजच्या गोळ्या घेत असाल तर पहिल्या घासाबरोबर घ्या, तासाभराने घेतलेली गोळी निरुपयोगी.

वेगळी कारणं एकाच खात्यात टाकणं

अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं ही दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. तिथे ‘थोडंसं घेऊन पाहू’ हा प्रयोग करू नका, आणि लॅक्टोजमुक्त दूधही चालणार नाही, कारण त्यात प्रथिनं तशीच असतात. त्या दुधात लॅक्टोजचे तुकडे आधीच केलेले असल्याने ते गोड लागतं आणि त्यात गॅलॅक्टोजही असतं, म्हणून गॅलॅक्टोसीमिया (गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या बाळाला ते देता येत नाही.

जुलाबांची साथ, जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी किंवा सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा) यांनी आतड्याचं अस्तर झिजलं तरी लॅक्टेज घटतं. हे तात्पुरतं असतं. मूळ कारण बरं झालं की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं. वर्षानुवर्षं दूध पचवणाऱ्या प्रौढाला अचानक त्रास सुरू झाला, किंवा पाच वर्षांखालच्या मुलाला दूध सोसेनासं झालं, तर जनुकीय चाचणीपेक्षा आधी आतड्याचा आजार शोधायला हवा. वजन उतरणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर दूध बंद करून वाट पाहत बसू नये. थेट डॉक्टरांकडे जावं.