शैलीसाठी आत्मचरित्र कसे वाचावे : डायना व्ह्रीलँड यांचे ‘डी. व्ही.’ आणि पुण्यातले कपाट

डायना व्ह्रीलँड यांचे ‘डी. व्ही.’ हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. अमेरिकी फॅशन नियतकालिकांत सुमारे पस्तीस वर्षे वावरलेल्या आणि तिथे आपला दरारा बसवलेल्या या बाईंचे पुस्तक कपड्यांच्या आवडीपोटी पुष्कळ जण हाती घेतात आणि थोड्याच पानांत गोंधळून खाली ठेवतात, कारण काय घालावे हे त्यात कुठेच सांगितलेले नाही, घटनांचा क्रम लागत नाही आणि राजघराण्याची गोष्ट सांगता सांगता लेखिका मध्येच बुटांच्या पॉलिशकडे वळते. तरीही स्वतःची पोशाखाची दृष्टी घडवू पाहणाऱ्याला या पुस्तकाइतके उपयोगी दुसरे काही क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे. मात्र ते वाचण्याची एक रीत आहे आणि वाचलेले आपल्या कपाटापर्यंत आणण्याचीही.

पुस्तक उघडण्यापूर्वी एका कागदावर सनावळी लिहून घ्यावी. व्ह्रीलँडबाईंचा जन्म १९०३ साली पॅरिसमध्ये झाला, लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला गेले, १९२४ साली रीड व्ह्रीलँड या बँकेतल्या गृहस्थांशी त्यांचे लग्न झाले, आणि पुढे लंडनमध्ये काढलेल्या वर्षांत त्यांनी अंतर्वस्त्रांचे एक लहानसे दुकान चालवले. १९३६ च्या सुमारास ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांनी न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात त्यांना पांढऱ्या लेसच्या शनेल पोशाखात, केसांत गुलाब माळून नाचताना पाहिले आणि नोकरी देऊ केली. १९६२ पर्यंत त्या तिथे होत्या. मग ‘व्होग’ या दुसऱ्या फॅशन मासिकाच्या मुख्य संपादिका झाल्या, १९७१ साली त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वेशभूषा विभागाचे काम हाती घेतले. एवढा सांगाडा समोर असला, म्हणजे पुस्तक कितीही मागेपुढे धावले तरी आपण हरवत नाही.

दुसरी तयारी मनाची आहे आणि पुण्यातल्या वाचकाला ती जरा जड जाते. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी बखरींना बाजूला सारून अस्सल कागदपत्रांचा आग्रह धरला, आणि तेव्हापासून ‘याला पुरावा काय?’ हा प्रश्न या शहराच्या जिभेवर कायमचा बसला आहे. हे पुस्तक दप्तरासारखे तपासायचे नसून बखरीसारखे वाचायचे आहे. अमेरिकेत घोडेस्वारीचे खेळ करून गाजलेल्या बफेलो बिलने लहानपणी आपल्याला घोड्यावर बसायला शिकवले, पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या राज्याभिषेकाचा सोहळा आपण लंडनमध्ये पाहिला, रशियन बॅलेचे संयोजक दियागिलेव्ह आणि नर्तक निजिन्स्की पॅरिसच्या घरी येत असत, अशा कितीतरी गोष्टी त्या सांगतात. त्यांतली खरी किती आणि सजवलेली किती याचा शोध चरित्रकारांवर सोपवावा. आपण पाहायचे ते वेगळेच : गोष्ट फुगवताना बाईंना आठवते काय? कोणाचा हुद्दा, कोणाची संपत्ती किंवा तारीख क्वचितच आठवते. आठवतो तो एखाद्या कपड्याचा रंग, कोणाची चाल, मानेचा डौल, हातमोज्याचे चामडे. थाप मारतानाही त्यांचा रंग चुकत नाही, आणि शिकायचे आहे ते हेच.

पुस्तक टेपवर ध्वनिमुद्रित केलेल्या गप्पांतून तयार झाले आहे आणि जॉर्ज प्लिम्प्टन व ख्रिस्तोफर हेम्फिल यांनी त्याचे संपादन केले आहे. त्यामुळे ते डोळ्यांनी भरभर वाचण्यापेक्षा एका बैठकीत एखाददुसरे प्रकरण मोठ्याने वाचावे. कुठे आवाज चढतो आणि कुठे त्या स्वतःचीच थट्टा करतात, ते तेव्हाच कळते. शेजारी वही ठेवावी आणि रंग, दोष, टापटीप या तीनच गोष्टींच्या नोंदी कराव्यात. सरदार-उमरावांची नावे आली की खुशाल पुढे जावे.

रंगाच्या नोंदींना सर्वाधिक पाने लागतील. आयुष्यभर आपण योग्य लाल रंगाच्या शोधात राहिलो आणि रंगाऱ्यांना तो कधीच जमला नाही, असे बाई सांगतात. आणि सर्वांत चांगला लाल हवा असेल तर रेनेसाँच्या काळातल्या एखाद्या चित्रातल्या लहान मुलाच्या टोपीचा लाल घ्यावा, असेही सुचवतात. न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवरील त्यांची बैठकीची खोली गृहसजावटकार बिली बाल्डविन यांनी भिंतींपासून पडद्यांपर्यंत लाल रंगात सजवली होती आणि बाईंना ती नरकातल्या बागेसारखी हवी होती. यातून घ्यायची रीत अशी, की रंग मागताना ‘थोडा गडद’, ‘जरा डार्कमध्ये’ असे मोघम बोलण्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेली एखादी वस्तू मनात धरावी. ओल्या कुंकवाचा लाल, गुंजेचा लाल, डाळिंबाच्या दाण्याचा आणि जास्वंदीच्या पाकळीचा लाल हे चार वेगळे रंग आहेत, आणि त्यांतला आपल्याला शोभणारा कोणता, हे दुकानाची पायरी चढण्याआधी ठरलेले असावे.

मग लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या मॅचिंग सेंटरमध्ये सकाळी, गर्दी नसताना जावे. तिथे टू बाय टू रुबिया या ब्लाउजच्या कापडाचे तागे छटांच्या क्रमाने रचलेले असतात, आणि अनुभवी विक्रेता साडीकडे क्षणभर पाहून पाच-सहा तागे खाली ओढतो, प्रत्येकाचे टोक काठाला लावून पाहतो आणि त्यांतले दोन घेऊन ‘दारात या, उजेडात बघा’ असे स्वतःच म्हणतो. न म्हटला तर आपण म्हणावे. दुकानातल्या दिव्याखाली अंजिरी आणि वांगी सारखेच दिसतात. ते वेगळे होतात उन्हात. धूपछाव रेशीम असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. अशा कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे घडी घातलेल्या साडीचा रंग आणि निऱ्या पडल्यावरचा रंग एक नसतो. म्हणून साडीचे टोक मुठीत चुणून, नेसल्यावर जसे पडेल तसे धरावे आणि मगच कापड लावून पाहावे. घरी आल्यावर ओल्या पांढऱ्या रुमालाने एक कोपरा घासून रंग कच्चा आहे की पक्का, तेही तपासावे.

गुलाबी हा भारताचा नेव्ही ब्लू आहे, हे त्यांच्या नावावर प्रसिद्ध असलेले वाक्य भारतीय वाचकाला हमखास सुखावते. वाक्य देखणे आहे, पण ते पुण्याला लागू पडत नाही. राणी रंग इथे लग्नाकार्यात आणि सणावारी दिसतो. ऑफिसला, बँकेत आणि भाजीला जाताना वर्षानुवर्षे दिसत आले ते इरकलीचे गडद रंग, म्हणजे काळसर निळा, बाटलीचा हिरवा, आमसुली. नेव्ही ब्लूचे काम कुठेही निमूटपणे चालून जाणे हे असेल, तर आपल्या कपाटातला असा रंग कोणता ते शोधावे. त्यासाठी कपाटातले सर्व कपडे पलंगावर मांडून, ज्याच्यासोबत निम्म्याहून अधिक कपडे सहज जातात तो रंग बाजूला काढावा. तोच आपला पाया, आणि भडक रंग त्याच्या जिवावर घालायचे.

दोषांची नोंद पुस्तकात सर्वांत कडवट आहे आणि सर्वांत कामाचीही. तुझी बहीण इतकी सुंदर आणि तू इतकी कुरूप, हे आईने तोंडावर ऐकवल्याचे बाई सांगतात. पुढे त्यांनी चेहरा लपवण्याची खटपट केली नाही. मोठे नाक तसेच ठेवले, काळेभोर केस मागे ओढून घेतले, गालांवरच काय पण कानांपर्यंत लाली फासली आणि नखे लाल ठेवली. संपादिका म्हणूनही त्यांनी हेच केले. मॉडेल लॉरेन हटनच्या दातांतली फट आणि गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडचे नाक त्यांनी ‘व्होग’च्या पानांवर झाकले नाही. मात्र एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते : इतक्या भपकेबाज समजल्या जाणाऱ्या या बाई कामावर जवळजवळ गणवेशात असत. गडद स्वेटर, साधा स्कर्ट, उत्तम बूट आणि हातात जाड कडे, एवढेच. भपका एकाच जागी होता आणि बाकी सारे शांत होते.

आपल्यालाही हे करून पाहता येते. उंची फार, मान आखूड, केस विरळ, रंग सावळा असे जे काही आजवर ‘झाकून घे’ म्हणून सांगण्यात आले असेल, त्यांतले एकच निवडावे आणि त्याला पुढे आणणारी एकच वस्तू ठरवावी. उंच बाईने आडवे पट्टे शोधत बसण्यापेक्षा रुंद काठाची साडी नेसावी. सावळ्या वर्णावर फिकट मोतिया चढवून तो उजळ दाखवण्याच्या प्रयत्नापेक्षा हळदी किंवा मोरपंखी घालावा. मग त्या दिवशी बाकी सगळे मुकाट ठेवावे. नथ, ठुशी, चिंचपेटी आणि तन्मणी एकाच संध्याकाळी अंगावर चढवणे म्हणजे ठेवणीतले बाहेर काढणे आहे. शैलीशी त्याचा फारसा संबंध नाही.

‘हार्पर्स बझार’मधल्या ‘तुम्ही असे का करत नाही?’ या सदराने त्यांचे नाव झाले. सोनेरी केसांच्या मुलाचे केस उतरलेल्या शँपेनने धुवा, अशा सूचना त्या सदरात येत, आणि त्याही आर्थिक मंदी पुरती सरलेली नसताना. विनोदी लेखक एस. जे. पेरेलमन यांनी १९३८ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्याची यथेच्छ टर उडवली आणि ते योग्यच झाले. सूचना सोडून द्याव्यात, त्यांची घडण तेवढी घ्यावी : घरात आहे ती वस्तू उचलायची आणि ती एरवी जात नाही तिथे न्यायची. दर रविवारी अशी एक सूचना वहीत स्वतःसाठी लिहावी. आजोबांच्या जरीकाठी उपरण्याचा हिवाळ्यात स्कार्फ का करू नये? पांढऱ्या साध्या शर्टाची प्लॅस्टिकची बटणे काढून शिंपल्याची का लावू नयेत? पुण्याच्या पावसात छत्री काळीच का असावी? खणाची सूचना मात्र लिहू नये, कारण त्याचे पाकिटापासून पडद्यापर्यंत सारे काही करून झाले आहे.

बाईंच्या म्युझियममधल्या प्रदर्शनांना, १९७३ सालच्या, बालेन्सियागा या वेशभूषाकारावरच्या प्रदर्शनापासून पुढे, लोकांनी गर्दी केली आणि जाणकारांनी नाके मुरडली, कारण त्या इतिहासापेक्षा नाट्याला जास्त महत्त्व देत. तरी वस्तूंकडे पाहायचे कसे, याचा त्यांचा धडा गिरवायला पुण्यात एक उत्तम जागा आहे. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तलवारी-तैलचित्रांपेक्षा रोजच्या वापरातल्या वस्तू अधिक लक्ष वेधतात. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला आणि महाराष्ट्र शासनाला दिलेला हा संग्रह पूर्ण पाहण्याचा हट्ट धरू नये. अडकित्ते, वजऱ्या, फण्या किंवा करंडे यांपैकी एकाच कपाटापुढे अर्धा तास उभे राहावे. अडकित्त्याच्या दांड्याला पक्ष्याचा आकार देताना मान कुठे वळवली आहे, पितळ कुठे गुळगुळीत ठेवले आहे आणि नक्षी कुठे थांबवली आहे, हे पाहून त्याचे ओबडधोबड का होईना, चित्र वहीत काढावे. नक्षी कुठे थांबते हे एकदा दिसू लागले की ब्लाउजच्या बाहीवर किती काम करून घ्यावे, हा प्रश्न शिंप्यापुढे उभे राहून सोडवावा लागत नाही.

टापटीप हे शेवटचे सदर आणि सर्वांत कष्टाचे. व्ह्रीलँडबाईंच्या बुटांचे तळवेसुद्धा पॉलिश केलेले असत, म्हणजे जमिनीला टेकणारी बाजू. वरवर पाहता हा श्रीमंती चाळा आहे, आणि त्यांच्या दिमतीला मोलकरीण होती हे विसरू नये. पण त्यामागची शिस्त कोणत्याही मिळकतीत पाळता येते. कोल्हापुरी चपलेला अधूनमधून एरंडेल लावून ती रात्रभर मुरू द्यावी. पैठणी हँगरला लटकवू नये. स्वच्छ सुती पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवावी, दर काही महिन्यांनी घडी बदलावी, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत आणि अत्तर साडी नेसण्याआधीच लावावे. फॉल-पिकोच्या दोऱ्याचा रंग स्वतः निवडावा. ब्लाउजचे अस्तर शिवायला टाकण्यापूर्वी घरी भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे कापड चुरगळते. आतली शिवण उलटून पाहिल्याशिवाय शिंप्याला पैसे देऊ नयेत, आणि हुक जागच्या जागी बसत नसतील तर तिथेच बदलून घ्यावेत. दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर चांगला शिंपी नवे कापड घेत नाही, म्हणून गणपती उठले की लगेच कापड टाकावे आणि नीट बसणारा मापाचा ब्लाउज सोबत न्यावा.