जुनी कंट्री गाणी ऐकायचीत? मग आधी रेकॉर्डिंगचं साल बघा

आमचे मामा जहाजावर होते, मालवणला सुट्टीवर आले की पडवीत टेप लावून जिम रीव्हज ऐकायचे, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या, कंट्री म्हणतात त्या गाण्यांचा गायक. आजी विचारायची, "हो कोण रे, फोनवर बोलल्यासारखो गाता?" आणि गंमत म्हणजे 'ही'ल हॅव टू गो' हे गाणं खरंच फोनवरचं आहे, बारमधून फोन लावलेला माणूस पलीकडच्या बाईला म्हणतोय की तुझ्या शेजारी बसलाय ना त्याला आता जायला सांग. आता टेप गेला, मामा रिटायर झाले, तर मी मोबाईलवर त्यांना जॉनी कॅशचं 'आय वॉक द लाइन' लावून दिलं, दोन ओळी ऐकून म्हणाले, "हो म्हाताऱ्या कॅशचो आवाज असा, तो न्हय." बघितलं तर खरंच १९८८ चं निघालं, त्याने आपलीच जुनी गाणी तेव्हा परत रेकॉर्ड केली होती.

तर पहिलं काम हेच. नुसतं गाण्याचं नाव टाकून सर्च करू नका, गायकाचं नाव आणि साल पण टाका आणि खाली बारीक अक्षरात 'री-रेकॉर्डेड' लिहिलंय का ते बघा, ॲपवर असल्या कॉपी भरपूर असतात. 'आय वॉक द लाइन'चं ओरिजिनल १९५६ चं, मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सचं. त्यात प्रत्येक कडव्याआधी कॅश खालच्या आवाजात हम्म्म करतो, कारण दर कडव्याला पट्टी बदलते आणि त्याला नवीन सूर पकडायचा असतो, आपले भजनी बुवा गजर सुरू करण्याआधी पेटीवर सूर धरतात ना तसंच. आणि मागे तो खर्र खर्र ठेका वाजतोय तो ड्रम नाही हां, गिटारच्या तारांत कागद खोचलाय. हेडफोन लावून ऐका म्हणजे कळेल.

सुरुवात मात्र एकदम जुन्यापासून करू नका, कान वैतागतो. आधी गुळगुळीत गाणी घ्या, म्हणजे जिम रीव्हज आणि पॅट्सी क्लाइन. पॅट्सीचं 'क्रेझी' १९६१ चं, लिहिलंय विली नेल्सनने, तेव्हा त्याला फारसं कोण ओळखत नव्हतं. त्याच वर्षी तिचा गाडीचा मोठा ॲक्सिडेंट झाला होता, बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात, मग म्युझिक आधी करून ठेवलं आणि तिने नंतर परत येऊन त्यावर आवाज दिला. हे माहीत असलं की ते गाणं वेगळंच ऐकू येतं. १९६३ ला ती विमान अपघातात गेली, पुढच्या वर्षी जिम रीव्हज पण तसाच.

मग कॅश, मर्ल हॅगर्ड, लोरेटा लिन, डॉली पार्टन. हॅगर्ड स्वतः सॅन क्वेंटिनच्या जेलमध्ये राहून आलेला, म्हणून जेलमध्ये गेलेल्या मुलाचं 'मामा ट्राइड' ऐकताना खोटं वाटत नाही. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' व्हिटनी ह्यूस्टनचं समजणारे खूप भेटतील, ते डॉलीने लिहून १९७४ लाच आणलेलं आणि माझ्या मते तिचं साधं व्हर्जनच जास्त लागतं. विलीचं १९७५ चं 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन' पण त्याचं नाही, लिहिलं फ्रेड रोजने आणि रॉय एकफने १९४७ मध्येच गायलंय. दोन्ही एकामागे एक लावा.

शेवटी हँक विल्यम्स, जो १ जानेवारी १९५३ ला गाडीच्या मागच्या सीटवर गेला, वय फक्त २९. त्याच्या गाण्यात मागे जे रडल्यासारखं वाजतं ती स्टील गिटार, तारांवरून लोखंडी दांडी सरकवत वाजवतात, आपल्या मींडेसारखंच काम. आणि जिमी रॉजर्स हा तर रेल्वेतला ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, १९२७ ला पहिलं रेकॉर्डिंग, त्याचं योडलिंग, म्हणजे गाता गाता आवाज जाड-बारीक असा उड्या मारतो ते, कोकण रेल्वेत खिडकीजवळ बसून ऐकायचं.

फक्त आधी डाउनलोड करून ठेवा. करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटर, त्यात रेंज विसरा, आणि पावसात आमच्याकडे लाइट गेली की नेट पण जातं.

जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे', १९८० चं, एकदम शेवटी ठेवा. मी मामीला अर्थ सांगितला, की तो जन्मभर तिच्यावर प्रेम करत राहिला आणि आज थांबला कारण आज तो मेला. मामी कोकमाची सोलं वाळत घालत होती, मान वर न करता म्हणाली, "मेल्यावर थांबलो? मगे काय उपेग."