चॅरिटी रिलेत रस्त्यावरचे दिवस-रात्र कसे काढायचे

रिलेची तयारी म्हटलं की सगळे पळण्याची तयारी करतात. सराव, शूज, पेस (म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते), घड्याळं. पण एखाद्या कामासाठी निधी जमवायला टीमने आळीपाळीने पळायच्या, दोन-चार दिवस अखंड चालणाऱ्या रिलेत एकेक जण दिवसाला जेमतेम दोन तास पळतो, उरलेले बावीस तास तो गाडीत असतो, रस्त्याच्या कडेला असतो नाहीतर कुठल्यातरी हॉलच्या फरशीवर आडवा असतो, आणि माझ्या अनुभवात रिले बिघडते ती या बावीस तासांतच. म्हणून इथे पळण्याबद्दल कमी आणि गाडीबद्दल जास्त लिहितोय.

आधी कागदावर तास मांडा

समजा १२ रनर, दोन गाड्या, गाडीमागे सहा जण. एका गाडीचे सहा जण एकामागून एक टप्पा पळतात तेव्हा दुसरी गाडी विश्रांती घेते. टप्पा ८ किलोमीटरचा आणि पेस किलोमीटरला साडेसहा मिनिटं धरला तर एक टप्पा ५२ मिनिटांचा, सहा जणांचे मिळून ५ तास १२ मिनिटं. मग सगळ्यांना वाटतं की चला, दुसऱ्या गाडीला पाच तास झोप मिळाली! तसं होत नाही. शेवटचा रनर गाडीत बसेपर्यंत, पुढच्या मोठ्या चेंजच्या जागी (जिथे एक गाडी दुसऱ्या गाडीकडे पळणं सोपवते) पोचेपर्यंत, खाणं, अंग पुसणं, टॉयलेट शोधणं, अंथरूण पसरणं, आणि परत अर्धा तास आधी उठणं, हे सगळं वजा केलं की हातात अडीच-तीन तास उरतात. हा हिशोब निघायच्या आधीच सगळ्यांना दाखवा. रात्री पेस उतरतो, तेव्हा अंधारातल्या टप्प्यांना किलोमीटरमागे अर्धं मिनिट तरी जास्त धरा, नाहीतर पहाटेपर्यंत सगळं वेळापत्रक तासभर सरकलेलं असतं आणि पुढची गाडी उगाच जागी बसते.

ड्रायव्हर आधी ठरवा, रनर नंतर

हे मी सगळ्यात वर ठेवतो. सलग १७ तास जागा असलेला माणूस गाडी चालवताना साधारण तितकाच मंद असतो जितका रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला माणूस, यावर नीट अभ्यास झालेले आहेत. आणि रिलेत १७ तास कधी उलटतात कळतही नाही. म्हणून प्रत्येक गाडीला दोन ड्रायव्हर, आणि जमलं तर दोघंही अजिबात न पळणारे. नुकताच पळून आलेला माणूस कितीही ताजातवाना वाटला तरी त्याला चावी द्यायची नाही. पहाटे दोन ते सहा ही सगळ्यात वाईट वेळ, शरीराला तेव्हा झोपच हवी असते, दुपारी जेवणानंतर एक छोटी लाट परत येते. या वेळांत शेजारच्या सीटवरचा माणूस जागा पाहिजे म्हणजे पाहिजे, त्याचं काम रस्ता सांगणं आणि ड्रायव्हरशी बोलत राहणं. डोळे जड झाले तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं डुलकी काढायची. कॉफी चढायला अर्धा तास जातो आणि ती झोपेची जागा घेत नाही. डुलकीतून उठल्याउठल्या लगेच स्टिअरिंग धरू नका, डोकं जागेवर यायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात.

झोपायची शिफ्ट लिहून गाडीत चिकटवा. ज्याची झोप चालू आहे त्याला फोटोसाठीसुद्धा उठवायचं नाही.

रात्री गाडी लावायची कशी

बऱ्याच टीम रनरच्या मागे मागे हळू गाडी चालवतात. काळजीपोटी करतात हे मला कळतं, पण मागून वेगाने येणाऱ्या वाहनाला ही रांगणारी गाडी उशिरा दिसते आणि धोका उलट वाढतो. त्यापेक्षा दोन-तीन किलोमीटर पुढे जा, गाडी रस्त्यापासून पूर्ण खाली उतरवा, चारी इंडिकेटर लावा आणि थांबा. आणि हेडलाइट बंद करा! समोरून झोत आला की रनरला पायाखालचं काहीच दिसत नाही, अगदी छोटा खड्डाही घोटा मुरगळायला पुरतो. रनरने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळायचं, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, कपाळाला हेडलॅम्प, पाठीला लाल लुकलुकता दिवा, कानात काही नाही. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला जॅकेट लागतं, नुसती बाटली द्यायला उतरला तरी.

चेंजओव्हर

आमच्या एका रिलेत पहाटे तीनला आमचा रनर टप्पा संपवून पोचला आणि तिथे कुणीच नव्हतं. पुढचा रनर गाडीत गाढ झोपेत, ड्रायव्हरला वाटलं अजून वेळ आहे, आणि हा घामाने भिजलेला माणूस थंडीत वीस मिनिटं कुडकुडत उभा. हातात बॅटन तशीच. तेव्हापासून आम्ही ठरवलं की रनर निघाला की पुढच्याला लगेच सांगून ठेवायचं, शेवटचे तीन किलोमीटर उरले की त्याला हलवून उठवायचं, आणि एक किलोमीटर उरला की तो शूज बांधून बाहेर उभा पाहिजे. हे बघायला एकच माणूस नेमा, सगळ्यांवर सोडलं की कुणीच बघत नाही. येणाऱ्यासाठी कोरडा टीशर्ट आणि जॅकेट हातात घेऊन उभं राहायचं, ते गाडीत शोधत बसायचं नाही.

पिशव्या आणि पाय

प्रत्येक टप्प्याचे कपडे वेगळ्या झिप पिशवीत, वर मार्करने नंबर. शॉर्ट, टीशर्ट, मोजे, रुमाल, सगळं एकत्र. पळून आलं की ओले कपडे त्याच पिशवीत कोंबून झिप बंद. सहा जणांचे ओले मोजे खिडकीला वाळत घातलेल्या गाडीत दुसऱ्या रात्री कुणालाच झोप लागत नाही, हे मी बघितलंय.

पळून झालं की पहिलं काम शूज काढणं. पाय पुसा, बोटांच्या मधली जागा पूर्ण कोरडी करा, उघड्या चपलेत बसा. कुठे चुरचुरतंय असं वाटलं तर फोड यायच्या आधीच टेप लावा, टेपला सुरकुती राहू देऊ नका, कारण ती सुरकुतीच पुढचा फोड करते. छोटा फोड फोडायचा नाही. रिलेला निघायच्या दोन-तीन दिवस आधी नखं कापा, आदल्या रात्री नको. मांड्या आणि काखेत व्हॅसलीन प्रत्येक टप्प्याआधी, पहिल्या टप्प्याला काही झालं नाही म्हणून तिसऱ्याला होणार नाही असं नसतं.

खाणंपिणं

तुमच्या पुढच्या टप्प्याला अजून तीन तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर पोटभर जेवा, नाहीतर थोडं थोडं. पळून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी खाऊन घ्या, भूक नसली तरी, केळं, उकडलेला बटाटा, साधा भात, जे पोटाला सवयीचं आहे ते. सरावात न खाल्लेला पदार्थ रस्त्यावर पहिल्यांदा खायचा नाही. पाणी तहानेप्रमाणे. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक ते डिहायड्रेशन समजून अजून पाणी पाजतात, त्यातून जिवावर बेतू शकतं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, अंदाजाने नाही.

उन्हात पळणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला तर टप्पा तिथेच संपला. हा उष्माघात धरून चालायचं. अॅम्ब्युलन्सला फोन लावा आणि ती येईपर्यंत सावली, अंगावर भरपूर गार पाणी, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

चिडचिड होणारच

कॅनडाचा टेरी फॉक्स १९८० मध्ये कॅन्सर संशोधनासाठी निधी जमवायला कृत्रिम पायावर देशभर धावायला निघाला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर. त्याच्यासोबत व्हॅन चालवायला, स्वयंपाक करायला त्याचा जवळचा मित्र डग अल्वर्ड होता, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांतच दोघांचं बोलणं जवळपास बंद झालं होतं. शेवटी टेरीचा १७ वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल मध्ये दुवा म्हणून येऊन राहिला. इतक्या जिवाभावाच्या मित्रांचं होतं तर आपलं होणारच, त्यात टीम वाईट आहे असं काही नसतं. कुणी वसकन बोललं तर आधी विचारा, शेवटचं कधी खाल्लंस, कधी झोपलास. वाद चेंजवर सोडवू नका, दोघांना काही टप्पे वेगवेगळ्या गाड्यांत बसवा. आणि असा एक डॅरेल आधीच बरोबर घ्या, पळायला नसला तरी चालेल, ज्याचं दोन्ही बाजू ऐकतात.

रस्त्यात मिळणारे पैसे

जॅकेटवरचं नाव वाचून लोक थांबतात, विचारतात, खिशातून पैसे काढून हातात ठेवतात. हे क्षण फार मोलाचे असतात आणि म्हणूनच इथे ढिलाई नको. गाडीत एक कुलूपबंद डबा, एक वही. रक्कम, तारीख, जागा, शक्य तर नाव आणि पावती. रात्री दोघांनी मिळून मोजायचं आणि दोघांनी सही करायची. पेट्रोल, टोल, जेवण यासाठी या डब्याला हात लावायचा नाही, दोन तासांनी परत ठेवतो म्हणूनसुद्धा नाही, तो खर्च आधीच वेगळा काढलेला पाहिजे. कुणी विचारलं की माझे पैसे नेमके कुठे जाणार, तर गाडीतल्या प्रत्येकाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, म्हणून निघायच्या आधी ते सगळ्यांकडून एकदा म्हणवून घ्या. ज्यांच्यासाठी पळतोय त्यांचे फोटो, विशेषतः मुलांचे आणि पेशंटचे, घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

शेवटचा दिवस

फिनिश लाइनवर सगळे रडतात, मिठ्या मारतात, आणि मग कुणीतरी म्हणतं चला, रात्रीतच घरी पोचू. ते करू नका. तोपर्यंत गाडीतला एकही माणूस नीट झोपलेला नसतो. त्या रात्रीच्या मुक्कामाची जागा महिनाभर आधीच पक्की करून ठेवा, पैशांचा डबा शेवटचा मोजून सह्या करा, चाव्या एका ठिकाणी ठेवा आणि सकाळी ज्या ड्रायव्हरची सहा-सात तास झोप झालीय त्यालाच गाडी काढू द्या.