वर्गातला डिजिटल फळा: या चुका टाळा

डिजिटल फळा बिघडला की शाळेतून थेट तंत्रज्ञाला फोन जातो आणि तो येईपर्यंत फळा झाकून ठेवला जातो. दोष मात्र अनेकदा केबलमध्ये, चौकटीत किंवा आपल्या हाताळणीत असतो आणि तो शिक्षकाला स्वतः दूर करता येतो.

लॅपटॉपचे चित्र फळ्यावर दिसते, पण बोट लावल्यावर काहीच होत नसेल, तर आधी यूएसबी केबल तपासावी. एचडीएमआय केबल फक्त चित्र आणि आवाज नेते. स्पर्शाची माहिती संगणकापर्यंत सहसा वेगळ्या यूएसबी केबलने पोहोचते. ही साधी केबल जोड देऊन 5 मीटरच्या पुढे वाढवली की संपर्क तुटू लागतो. तेवढे अंतर असेल तर रिपीटर (वाटेत संकेत पुन्हा सशक्त करणारा भाग) असलेलीच केबल घ्यावी.

रेघा आपोआप उमटणे किंवा अक्षर मध्येच तुटणे ही सर्वांत त्रासदायक तक्रार. बऱ्याच फळ्यांच्या चौकटीतून इन्फ्रारेड किरणांचे जाळे पडद्यालगत पसरलेले असते आणि ते जिथे अडते तिथे फळा स्पर्श झाला असे मानतो. त्यामुळे चौकटीवर साचलेली खडूची धूळ, कोपऱ्यातले कोळ्याचे जाळे किंवा सूचनेसाठी चिकटवलेली पट्टीसुद्धा पुरते. लिहिताना साडीचा पदर, बांगडी किंवा शर्टाची बाही पडद्याला टेकली नाही, नुसती जवळ आली, तरी तिचीही रेघ उमटते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर खिडकीला पडदा लावून पाहावे. फळा बंद करून चौकट कोरड्या, मऊ कापडाने पुसावी. पाणी थेट फवारू नये. शेजारी खडूचा फळा असेल तर ही सफाई रोजचीच समजावी.

प्रोजेक्टरवर चालणाऱ्या फळ्यावर बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटत असेल, तर बहुधा प्रोजेक्टर हललेला असतो. पुन्हा कॅलिब्रेशन करावे, म्हणजे बोटाची आणि रेघेची जागा जुळवून घ्यावी.

नोंदींच्या बाबतीतले नुकसान अधिक वाईट, कारण ते उशिरा कळते. फळ्याच्या स्वतःच्या स्वरूपात जतन केलेली फाइल विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर बहुधा उघडत नाही, म्हणून तासाच्या शेवटी पीडीएफ काढावी आणि तिला इयत्ता, विषय व तारीख असे नाव द्यावे. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली मराठी टिपणे फळ्यावर अगम्य चिन्हांसारखी दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत किंवा मूळ संगणकावरच पीडीएफ करून आणावीत.

टिपणांची पीडीएफ विद्यार्थ्यांना तासाआधी मात्र पाठवू नये. सगळे आयते मिळणार हे कळले की मुले वही उघडत नाहीत, आणि गणिताच्या पायऱ्या किंवा भूमितीची आकृती हाताने काढल्याशिवाय पक्की होत नाही.