या चुका टाळा : मुलांच्या खेळातला भेदभाव आणि ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ म्हणणारे आपण

वीसेक वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभा आहे. दर हंगामात दोन-तीन नवे प्रशिक्षक येतात आणि त्यांतला एक तरी पहिल्याच आठवड्यात विचारतो, “सर, समानतेचं काहीतरी करायला सांगितलंय. तयार मजकूर आहे का? फलक लावून टाकतो.” लावा की. पण त्याच फलकाखाली उभे राहून तुम्ही दोन कॅप्टन पुढे बोलावता आणि म्हणता, “चला, भिडू वाटून घ्या.” तिथे माझं डोकं फिरतं.

भिडू वाटून घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच. आणि ती मी स्वतः कित्येक वर्षं केली आहे.

एक मुलगा होता, दहा वर्षांचा. नवीन आलेला, घरची भाषा वेगळी, आमची अडखळत बोलायचा. भिडू वाटायची वेळ झाली की नेमकी त्याच्या बुटाची नाडी सुटायची. रोज. मी दोन-तीनदा ओरडलोसुद्धा, “दुहेरी गाठ मार रे!” अर्धा हंगाम सरल्यावर एकदा मी गोलपोस्टच्या मागून येत होतो, तेव्हा दिसलं की नाडी चांगली घट्ट बांधलेली होती. तो ती सोडत होता. खाली मान घालून नाडी बांधत बसलं की आपण शेवटी उरलोय हे उभ्यानं बघावं लागत नाही. आणि तो उरला की दुसऱ्या कॅप्टनला पहिला म्हणायचा, “तूच घे याला, आम्हाला एक कमी चालेल.” हे माझ्या कानावर रोज पडत होतं. एखाद्या वेळी हसलोही असेन.

त्या रात्री मी आठवून आठवून निवडीचा क्रम कागदावर लिहिला. पहिली चार नावं खेळात खरोखर तरबेज असलेल्यांची होती. पाचव्यापासून पुढे खेळाचा काही संबंधच नव्हता. कॅप्टनचे दोस्त, दोस्तांचे दोस्त, मग जाड मुलगा, मग दोन मुली, मग हा. त्या मुलींपैकी एक तर त्या चौघांपैकी दोघांना धावण्यात सहज मागे टाकायची. तुम्हीही एकदा लिहून बघा. रंग, भाषा, जात, कपडे, अंगकाठी, जे जे मैदानाबाहेर आहे ते सगळं त्या रांगेत ओळीनं उभं असतं.

आता माझ्या खिशात दोन रंगांच्या कापडी पट्ट्या असतात. पोरगं मैदानात पाऊल टाकतं तेव्हाच हातात पट्टी. दोन दोस्त जोडीनं आले तर दोघांना दोन रंग. आठवडाभरात पोरांना ही युक्ती कळते आणि ती मुद्दाम तिसऱ्याला मध्ये घालून येतात. येऊ द्या, तेवढीच तिसऱ्याशी ओळख होते. “आपापल्या जोड्या करा” हाही त्याच दुखण्याचा धाकटा भाऊ. जोड्या मी लावतो. एका तरुण प्रशिक्षकानं मला सांगितलं, भिडू वाटण्यात वेळ वाचतो. घड्याळ लावून बघितलं, पट्ट्या वाटायला त्याहून कमी वेळ लागला. वेळ वाचवायचा नव्हताच त्याला, पोरं भिडू वाटत असताना मोबाईल बघायचा होता.

“मी सगळ्यांना सारखंच शिकवतो”

असं मीही म्हणायचो. एका आईनं सरावानंतर थांबवून विचारलं, “सर, माझ्या मुलीला तुम्ही आज एकदा तरी चूक दाखवलीत का?” मला रागच आला. म्हटलं, ताई, उलट मी तिचं कौतुक करत असतो. त्या म्हणाल्या, “तेच म्हणतेय मी.”

दोन दिवस तणतणलो. मग घोटा मुरगळल्यामुळे बाहेर बसलेल्या एका मोठ्या मुलाच्या हातात वही दिली आणि सांगितलं, मी कोणाचं नाव घेऊन काय बोलतो ते लिही, आणि चेंडू कोणाकडे किती वेळा जातो त्याच्या रेघा मार. तासाभरानंतर वही बघितली. मुलांच्या नावापुढे : ‘खांदा वळव’, ‘वर बघून पास दे’, ‘डाव्या पायानं मार’. मुलींच्या नावापुढे : ‘छान’, ‘शाबास’, ‘छान’. चार मुलींना मिळून अकरा पास. एका मुलाला एकट्याला चौदा. तो मुलगा माझा लाडका होता हे त्या वहीपर्यंत मला ठाऊक नव्हतं, बाकी सगळ्यांना होतं.

म्हणून माझं ऐका, स्वतःच्या मनाला विचारू नका, रेघा मोजा. मी महिन्यातून एकदा वही भरून घेतो, कोणत्या दिवशी ते आधी ठरवत नाही, कारण ठरवलं की मी त्या दिवशी शहाण्यासारखा वागतो. सामन्यात कोण किती मिनिटं खेळलं हे मात्र दर वेळी लिहितो. मोबाईलवर यासाठी अॅप मिळतात म्हणे. मिळत असतील. मला वहीच बरी, ती पालकांसमोर उघडून ठेवता येते.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे मैदानाची वेळ. मुलांच्या संघाला संध्याकाळची चांगली वेळ, मुलींच्या संघाला उरलेली, अंधार पडतानाची. मग दोन महिन्यांनी निष्कर्ष निघतो की मुलींनाच आवड नाही. वेळा आलटूनपालटून द्या. एवढंच.

उंची म्हणजे गुणवत्ता समजणं

निवड चाचणीत सगळ्यात उंच, दणकट पोरं उचलायची आणि ‘गुणवत्ता दिसते हो’ म्हणायचं. अहो, तुम्हाला जन्मतारीख दिसते आहे.

वयोगटाची सीमा १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी स्पष्ट दिसली. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे वयोगट सप्टेंबरपासून मोजतात, तर तिथे ही गर्दी सप्टेंबरनंतरच्या महिन्यांत सापडते. म्हणजे डिसेंबरच्या पोरांत काही कमी नसतं, सीमारेषा जिथे आखाल तिथे फायदा सरकतो. आणि एकदा निवडलेल्याला जास्त सराव, चांगला प्रशिक्षक, जास्त सामने. चार वर्षांनी तो खरंच सरस झालेला असतो आणि आपण म्हणतो, बघा, आमची नजर.

त्यात वयात येण्याचा गोंधळ. झपाट्यानं उंची वाढण्याचा काळ मुलींत साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांत चौदाव्याच्या आसपास येतो, पण एकाच वर्गातल्या दोन मुलांत यात दोन-तीन वर्षांचाही फरक सहज असतो. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादमींनी वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट करून सामने खेळवून पाहिले. आपल्याला तेवढं जमणार नाही. मी हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहितो. वर्षाअखेरचा महिना दिसला की त्या नावावर फुली मारण्याआधी पेन खाली ठेवतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतो. ‘सर, निकाल आजच लावून टाकू’ म्हणणारे असतात. त्यांना मी शेवटच्या खुर्चीवर बसवतो.

“मुलींना झेपत नाही”

१९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राडकेनं ती विश्वविक्रमासह जिंकली. वर्तमानपत्रांनी मात्र धावपटू कशा कोसळल्या याच्या कहाण्या रंगवून छापल्या. अंतिम फेरीत धावलेल्या नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली होती. शर्यत काढून टाकली गेली ती थेट १९६० च्या रोम ऑलिम्पिकपर्यंत. बत्तीस वर्षं. तुम्ही ‘मुलींसाठी चार फेऱ्या कमी’ म्हणता तेव्हा तुमच्या तोंडून तीच वर्तमानपत्रं बोलत असतात. फेऱ्या कमी करायच्या तर दमलेल्याच्या करा, मग तो कोणीही असो.

कपडे

गणवेशाच्या नियमापायी खेळ सुटतो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पांढऱ्या चड्डीचा हट्ट सोडा. पाळीच्या दिवसांत त्या एका रंगामुळे मुली सराव बुडवतात, आणि कारण विचारलं तर सांगणार नाहीत. विम्बल्डननंसुद्धा २०२३ पासून महिला खेळाडूंना आतून गडद रंगाची चड्डी घालायची मुभा दिली. डोकं झाकून खेळण्याला फुटबॉलच्या नियमांत २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या नियमांत २०१७ मध्ये परवानगी मिळाली. तुमच्या गल्लीतल्या स्पर्धेचा नियम त्याहून कडक असायचं काही कारण नाही.

लिंबूटिंबू

अपंग मुलाला मैदानावर आणायचं, टाळ्या वाजवायच्या आणि मग त्याच्या हातात गुणफलक द्यायचा. किंवा त्याला लिंबूटिंबू करायचं : खेळायला घेतलं आहे, पण तो बाद होत नाही, त्याचा गोल मोजत नाही. आपल्याला वाटतं आपण मोठं मन दाखवलं. लहानपणी आपल्यालाही कोणीतरी लिंबूटिंबू केलेलं असतं आणि ते आपल्याला किती आवडलं होतं ते आठवा.

नियम बदला, माणूस वगळू नका. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, दुसरा टप्पा रेषेबाहेर पडला तरी चालतो; बाकी टेनिस तेच. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूतून आवाज येतो आणि प्रेक्षकांना गप्प बसावं लागतं. ऐकू न येणाऱ्या धावपटूला दिव्यानं सुरुवात कळवता येते, आणि दिवा नसेल तर हात खाली आणा, तोही दिसतो. जागा लहान करा, चेंडू मोठा घ्या, वेळ वाढवा. पण काहीही ठरवण्याआधी त्या मुलाला विचारा. आई-वडिलांना नव्हे, त्याला. माझ्याकडच्या एका मुलीसाठी मी मोठ्या उत्साहानं तीन नियम बदलले होते. ती म्हणाली, “सर, मला फक्त शिट्टी वाजवताना माझ्याकडे तोंड करा.”

“गंमत होती सर”

रंगावरून, आडनावावरून, बायकी चालीवरून पडलेलं टोपणनाव. ऐकू आलं की त्याच क्षणी खेळ थांबवा. सराव संपल्यावर बोलू म्हणालात की संपलं, कारण तोवर बाकीच्या वीस जणांना उत्तर मिळालेलं असतं. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये वर्णद्वेषी शेरेबाजीसाठी तीन पायऱ्या आहेत : आधी सामना थांबवायचा, तरीही चालूच राहिलं तर संघांना काही वेळ आत न्यायचं, आणि तरीही नाही थांबलं तर सामना रद्द. मी सरावातही त्याच वापरतो. तिसऱ्या पायरीवर मी आजवर एकदाच गेलो आणि सगळ्यांना घरी पाठवलं. त्या संध्याकाळी पालकांचे इतके फोन आले की जेवण राहून गेलं.

इथे तीन उपचुका होतात. ज्याला बोललं गेलं त्यालाच ‘तुझ्या भल्यासाठी’ बाकावर बसवणं. सगळ्यांसमोर त्याला ‘काय म्हणाला तो, सांग’ म्हणून तो शब्द पुन्हा उच्चारायला लावणं. आणि दोघांचे हात जबरदस्तीनं मिळवून प्रकरण मिटलं म्हणणं. बोलणाऱ्याला बाजूला घ्या, ज्याला लागलं त्याच्याशी नंतर एकट्यानं बोला, आणि हे सगळं चालू असताना चेंडू दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्या, नाहीतर बाकीचे तमाशा बघत उभे राहतात.

किरकोळ वाटणाऱ्या, पण रोजच्या

नाव चुकीचं उच्चारणं आणि मग ‘मी तुला अमुकच म्हणतो’ असं लाडात ठरवून टाकणं : पहिल्या दिवशी त्याच्याकडून नाव म्हणून घ्या, आपण तीनदा म्हणा.

फी माफ केलेल्या मुलांची यादी भिंतीवर लावणं : फाडून टाका. आजच.

सामान उचलायला, पाणी भरायला नेहमी तीच तीन मुलं : हजेरीपटाच्या क्रमानं पाळी लावा, कॅप्टनसह.

कॅप्टन कायमचा एकच : मी दर सामन्याला बदलतो. हरलो आहे त्यामुळे एक-दोनदा, खोटं कशाला बोलू.

तक्रार कोणाकडे करायची तर प्रशिक्षकाकडे, आणि तक्रार असते प्रशिक्षकाचीच : दोन नावं द्या, त्यांतलं एक तुमच्या हाताखालचं नसावं. आमच्याकडे दुसरं नाव त्या ताईंचं आहे, ज्यांनी मला मुलीची चूक का दाखवत नाही म्हणून विचारलं होतं. गेल्या हंगामात त्यांच्याकडे माझ्याविरुद्ध दोन तक्रारी आल्या. एक खरी निघाली. दुसरीची चौकशी अजून चालू आहे.