गोचीड तापात या चुका टाळा

ऊन चढलं की नागपूरच्या आजूबाजूच्या गोठ्यांतून फोन सुरू होतात. वाक्य तेच. "डॉक्टरसाहेब, तीन सुया झाल्या जी, ताप काही उतरून नाही राहिला."

सुया कसल्या? तापाच्या. गोचीड ताप आणणारा थायलेरिया हा रक्तातला परजीवी, गोचिडीवाटे शिरलेला. तापाचं औषध त्याचा केसही वाकडा करत नाही. खांद्यासमोरची गाठ लिंबाएवढी सुजली असेल, संकरित गायीला 105-106 ताप असेल, तर आधी तपासणीसाठी कानाच्या शिरेतून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यावा. मी थर्मामीटरसोबत पट्ट्याही खिशातच ठेवतो.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. औषध बरोबर, मात्रा अर्धी. हिंगण्याकडची एक जर्सी, दुसरं वेत, कास भरलेली. मी पोचायच्या आधी कुणीतरी बुपारव्हाक्वोनची, म्हणजे थायलेरियावरच्या औषधाची, सुई मारून गेला होता. किती? 8 मिली. "महाग आहे ना जी, अर्ध्यात भागते म्हणाला." दुसऱ्या दिवशी ताप उतरला, मालक खूश. पाचव्या दिवशी हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. मी टेप लावला: छातीचा घेर 64 इंच, लांबी 52. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे साधारण 320 किलो. 20 किलोला 1 मिली या हिशोबानं 16 मिली लागत होतं, तेही मानेच्या स्नायूत, एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त नाही, म्हणून दोन जागी. मी उरलेलं केलं, पण रक्त इतकं उतरलं होतं की सहाव्या दिवशी गाय गेली. वाचवलेल्या 8 मिलीचा हिशोब मी विचारला नाही. नजरेचा अंदाज मी वीस वर्षांनंतरही धरत नाही, टेपच लावतो.

लघवी कॉफीसारखी झाली तर तो बहुधा बबेसिया, गोचिडीवाटेच येणारा दुसरा परजीवी. त्याचं औषध वेगळं, ते थायलेरियावर चालत नाही. दोन्हींची खिचडी करू नका.

ताप उतरला की लगेच टॉनिक आणि ढेप वाढवणारे उतावळे असतात. आधी रवंथ सुरू होऊ द्या.

दुधाचा वर्ज्य काळ, म्हणजे सुईनंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, तो लेबलवर असतो, वाचा.

आणि गोचीड उपटून गोठ्यातच फेकू नका. फुगलेली मादी हजारो अंडी घालते. मी रॉकेलच्या डब्यात टाकायला लावतो. फवारणी गायीवरच होते, भिंतीच्या भेगा तशाच राहतात. गोचीड तिथंच दडलेली असते.